वकीलपत्रावरची दुसरी सही : मराठवाड्यातील वकील संघांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील जिल्हा व तालुका वकील संघांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आपल्याच भागातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चार माणसं रिमांडसाठी उभी होती. वीटभट्टीवर काम करणारे दोघे भाऊ, एक रिक्षावाला आणि त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. पत्र्याच्या घरात टाळ-ढोलकीवर भजन चाललं होतं, बाहेर जमाव जमला, पोलीस आले आणि आतल्यांनाच घेऊन गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम 299, मुद्दाम धर्मभावना दुखावल्याचं, लागलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, वकील कोण? बाकावर दहा-बारा काळे कोट बसलेले होते. एकही उठला नाही.

लेखी ठराव नव्हता. बार रूममध्ये बोलणं झालं होतं, एवढंच. 'यांचं वकीलपत्र आपल्यापैकी कुणी घ्यायचं नाही.' मोफत विधिसेवेतून वकील द्यावा तर त्या यादीतली नावंही त्याच बार रूममधली. अकराव्या दिवशी मी तिथं पोहोचलो, अर्ज दिला, जामीन झाला. अर्जात काही विशेष नव्हतं. दोन वर्षांची सनद असलेल्या ज्युनिअरनेही तो तासाभरात लिहिला असता. ही माणसं निर्दोष आहेत की नाहीत, ते इथं लिहिणार नाही. खटला चालू आहे. मला बोलायचं आहे ते त्या अकरा दिवसांबद्दल.

तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी घटना शिकवली आहे. 33 वर्षं मराठवाड्यात विधी महाविद्यालयात शिकवलं. मी ख्रिस्ती आहे, हे तुम्हाला माहीत आहे. नाताळात माझ्या घरी येऊन तुम्ही करंज्या खाल्ल्या आहेत. त्या दिवशी त्या बार रूममध्ये गेलो तेव्हा माझाच एक विद्यार्थी, आता तिथला ज्येष्ठ वकील, उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. 'तू का नाही घेतलंस?' विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, 'सर, मला इथंच राहायचंय. लेकरं इथल्याच शाळेत जातात.' मी त्याच्यावर रागावलो नाही. पण परतीच्या एसटीत मनात एकच गोष्ट फिरत राहिली. याच मुलाने परीक्षेत अनुच्छेद 22 वर वर्गातलं सर्वांत चांगलं उत्तर लिहिलं होतं. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क आहे, हे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. अख्खा बार मागे सरला तर तो हक्क कागदावरच राहतो.

अशा ठरावांबद्दल सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं आहे ते तुम्ही वाचलं असेल, तरी पुन्हा वाचा. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य, डिसेंबर 2010. कोइम्बतूरला वकील आणि पोलिसांत हाणामारी झाली आणि तिथल्या बारने आरोपी पोलिसांचा बचाव कुणी करायचा नाही असा ठराव केला. कोर्टाने सांगितलं की असा ठराव बेकायदा आहे, शून्य आहे, आणि वकिली पेशाच्या परंपरेविरुद्ध आहे. बार कौन्सिलचा नियमही तेच सांगतो : ज्या कोर्टात वकिली करता तिथं आलेलं काम, रास्त फी मिळत असेल तर, घ्यायला वकील बांधील आहे. खास कारण असेल तर नाकारता येतं. 'बारमध्ये ठरलंय' हे खास कारण नव्हे. आणि तोंडी ठराव तर लेखी ठरावापेक्षा वाईट. लेखी ठरावाला आव्हान तरी देता येतं.

त्याच निकालात न्यायालयाने जुनी उदाहरणं दिली आहेत, आणि त्यांत एक आपलं आहे. हैदराबादच्या रझाकारांचाही बचाव आपल्या वकिलांनी केला, असं तिथं लिहिलंय. मराठवाड्यातल्या माणसाने हे वाक्य सहज ओलांडून पुढं जाऊ नये. रझाकारांनी काय केलं हे आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. माझ्या वडिलांनी जाळलेली घरं पाहिली होती. तरी त्यांच्या बाजूने कोर्टात वकील उभे राहिले, आणि म्हणूनच त्यांना झालेल्या शिक्षेला सूडाचा वास येत नाही.

या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. आणि आज जो लातूर जिल्हा आहे त्यातच, उदगीरला, आर्य समाजाचे भाई श्यामलाल वकिली करत होते. निजामाच्या राज्यात धर्माच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंग पत्करला आणि 1938 च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. दोघेही वकील. एकाने लोकांच्या श्रद्धेवर धाक बसवला, दुसरा तो धाक मोडायला गेला.

वर्गात अनुच्छेद 25, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा हक्क, शिकवताना मी सुरुवात नेहमी इथून करायचो, अमेरिकेतून नाही आणि दिल्लीतूनही नाही. सभा घ्यायची तर निजाम सरकारची परवानगी. नवं देऊळ बांधायचं, हवनकुंड करायचं, मिरवणूक काढायची, प्रत्येक गोष्टीत अडवणूक. 1938 च्या अखेरीस सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि पुढच्या वर्षी महात्मा नारायण स्वामींच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही निजामाच्या हद्दीत शिरले. औरंगाबाद आणि गुलबर्ग्याचे तुरुंग त्यांनी भरले. 'आम्हाला आमच्या पद्धतीने देवाचं नाव घेऊ द्या' ही मागणी मराठवाड्याने भारतीय राज्यघटनेच्या अकरा वर्षं आधी केलेली आहे, आणि तीही बहुसंख्य हिंदू समाजाने, एका मुस्लिम राजवटीकडे. माझे विद्यार्थी हे ऐकून थोडे ताठ बसायचे. धर्मस्वातंत्र्य म्हणजे अल्पसंख्याकांचं काहीतरी, असं मनात धरून ते आलेले असायचे. मग मी विचारायचो, तेव्हा जो हक्क आपण मागितला, तो आज आपल्या शेजारच्याने मागितला तर?

त्यानंतर मी त्यांना दोन प्रसंग शेजारी ठेवायला सांगायचो. 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं. मनाई झाली. मुलं मानेनात. ते लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोहोचलं, विद्यार्थी काढून टाकले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. दुसरा प्रसंग केरळातला. 1985 च्या जुलैमध्ये एका शाळेतल्या तीन भावंडांना काढून टाकलं, कारण ती राष्ट्रगीत म्हणत नसत. यहोवाचे साक्षीदार या पंथातली मुलं ती. राष्ट्रगीत सुरू झालं की आदराने उभी राहायची, फक्त तोंडाने म्हणायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. 1986 च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. एके ठिकाणी गाण्याबद्दल शिक्षा, दुसरीकडे न गाण्याबद्दल. औरंगाबादच्या त्या मुलांच्या बाजूने तुम्ही आहात ना? मग कोट्टायम जिल्ह्यातल्या त्या तीन लेकरांच्या बाजूने का नाही? यावर वर्गात जी खडाजंगी व्हायची, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मिळकत आहे.

मी ख्रिस्ती म्हणून फक्त ख्रिस्त्यांची बाजू घेतो, असं काही जण मागून म्हणत आले. त्यांच्यासाठी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो.

माझ्या आजीचं माहेर बेथेल. जालन्याजवळची ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवली. ते जन्माने ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. आमच्या घरात त्यांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जाई. पण त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, नाव आजी घेत नसे. ते मला कायद्याच्या पुस्तकात सापडलं. श्रीपत भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. वडिलांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करण्याचा, अर्ज केला आणि मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. आता तो परत जातीत येऊ शकतो का, यावरून मुंबईत रण पेटलं. सनातनी म्हणाले, मिशनऱ्यांकडे जेवला, बाटला, संपला विषय. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या, म्हणून उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर. सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मला या गोष्टीत जांभेकरांचं म्हणणं पटतं. नारायणला जाण्याचा जेवढा हक्क होता, तेवढाच श्रीपतला परतण्याचा. बारा वर्षांच्या पोराचं धर्मांतर उचित नव्हतं, हेही मी मिशनऱ्यांच्या वंशजांसमोर, आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सभेत उभं राहून सांगितलं आहे. तेव्हा आमच्याच लोकांनी मला दोन वर्षं पंचकमिटीवर घेतलं नाही. त्याचं दुःख झालं. आजही होतं.

पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, म्हणून नोकरीत असेपर्यंत माझी सनद बाजूला होती. पण संध्याकाळी घराच्या ओसरीवर लोक यायचे आणि मी अर्ज, कैफियती, टिपणं लिहून द्यायचो. उभे राहायचे ते माझे जुने विद्यार्थी. सगळ्यांत जास्त काय यायचं सांगू? मातीचे वाद. मराठवाड्यात मृताला माती देणारे फक्त मुसलमान आणि ख्रिस्ती नाहीत. लिंगायत देतात, महानुभाव देतात आणि त्याला निक्षेप म्हणतात, गोसावी समाधी देतात. गावात जागा नसते, किंवा असते ती कुणीतरी नांगरलेली असते. एका महानुभाव म्हाताऱ्याचं कलेवर अंगणात ठेवून त्याची मुलं माझ्याकडे आली होती, रात्री नऊला. तहसीलदारांना द्यायचा अर्ज मी कंदिलाच्या उजेडात लिहिला, कारण तेव्हा आमच्याकडे भारनियमन असायचं. त्या कुटुंबाचा माझ्या धर्माशी काय संबंध? पण बापाला आपल्या रीतीने निरोप देण्याचा हक्क हा अनुच्छेद 25 चा सगळ्यात साधा अर्थ आहे, आणि सगळ्यात जड. 2025 च्या जानेवारीत बस्तरमधल्या एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह तीन आठवडे शवागारात पडून राहिला, कारण गावात पुरू देईनात. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला माती मिळाली. हे वाचलं त्या दिवशी मला ते महानुभावाचं अंगण आठवलं.

महाराष्ट्रात निदान सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. 2017 च्या जुलैपासून तो लागू झाला, असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. किराणा बंद, गिरणी बंद, पाणी बंद, स्मशान बंद, असं कुणी केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तालुक्याच्या किती वकिलांनी त्याखाली एक तरी फिर्याद नोंदवायला मदत केली आहे, हे आपण प्रामाणिकपणे एकमेकांना विचारलं पाहिजे.

न मानणाऱ्यांसाठीही मी लिहिलं आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनवाढ रोखली होती. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. पुढच्या वर्षी त्याच न्यायालयाने सांगितलं की, 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येणार नाही. ते अर्जदार येशूला मानणारे होते, पण स्वतःला कुठल्याही धर्माचे म्हणवत नव्हते. हा निकाल मी आमच्या पाळकांना वाचून दाखवला तेव्हा काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पडू द्या. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य हे शब्द अनुच्छेदात धर्माच्या आधी येतात.

आणि जे निकाल मला पटत नाहीत तेही मी तितक्याच नीट शिकवले. 1977 चा स्टॅनिस्लॉस निकाल घ्या. घटना समितीत अनुच्छेद 25 मधल्या 'प्रचार' या शब्दावर भांडण झालं होतं, लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला होता, आणि कन्हैयालाल मुन्शींनी तो शब्द राहू द्या म्हणून बाजू मांडली होती. ख्रिस्ती समाजाने या शब्दाला फार महत्त्व दिलं आहे, हे त्यांनी सांगितलं होतं. स्टॅनिस्लॉसमध्ये न्यायालय म्हणालं, प्रचार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही. घटनातज्ज्ञ सीरवाईंनी या निकालावर सडकून टीका केली आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे. पण आजचा कायदा तो आहे. जो माणूस आमिष दाखवून, धाक घालून, आजाऱ्याला फसवून धर्म बदलायला लावतो, त्याची बाजू मी कधीही घेतलेली नाही. ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे, आणि फसवून मिळवलेली माणसं त्याला नको आहेत. मात्र तसा आरोप झालेल्या माणसालाही वकील लागतोच. आरोप खरा की खोटा, हे बार रूममध्ये ठरत नाही.

त्या तालुक्यात पहिल्याच रिमांडला कुणीतरी उभं राहिलं असतं तर काय झालं असतं? त्याने एवढंच विचारायचं होतं : कलम 299 ला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, मग अटकच का केली? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली आधी नोटीस का दिली नाही? अशा गुन्ह्यांत उगाच अटक करू नका असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेशकुमारचा 2014 चा निकाल पुढे ठेवायचा होता. फिर्यादीत मुद्दाम, दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केल्याचं नेमकं कोणतं वाक्य आहे, ते दाखवायला सांगायचं होतं. आणि हेही विचारायचं होतं की, शांतपणे चाललेल्या उपासनेत अडथळा आणणं हा न्याय संहितेच्याच कलम 300 खाली गुन्हा आहे, तर दारात जमलेल्या जमावाविरुद्ध नोंद कुठं आहे? पंधरा मिनिटांचं काम. ते झालं नाही, म्हणून वीटभट्टीवरच्या त्या दोघा भावांची अकरा दिवसांची मजुरी गेली आणि मुकादमाने त्यांच्या जागी दुसरी जोडी लावली. धाकट्याची बायको सातव्या महिन्यात होती.

भीती मला कळते. तुमच्या ऑफिसच्या पाटीला काळं फासतील, पक्षकार फिरकणार नाहीत, मोबाइलवर घाणेरडे निरोप येतील. यातलं सगळं माझ्या वाट्याला आलेलं आहे, आणि मला पेन्शन आहे, तुम्हाला नाही, हेही मी जाणतो. म्हणूनच हे पत्र एकेका वकिलाला न लिहिता संघांना लिहिलं आहे. एकटा वकील उभा राहिला की तो 'त्यांचा माणूस' ठरतो. अध्यक्ष शेजारी उभे राहिले की ते कोर्टाचं काम ठरतं.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या पुढच्या सभेत एवढं लेखी घ्या की कोणत्याही आरोपीचं वकीलपत्र नाकारण्याचा लेखी वा तोंडी ठराव हा संघ करणार नाही, आणि तो कागद बार रूमच्या भिंतीवर लावा. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टासाठी तीन नावं द्या. त्यातलं एक ज्येष्ठांचं असू द्या, ज्युनिअरला पुढे करून आपण मागे बसू नका. धर्माशी संबंधित गुन्ह्यात कुणालाही अटक झाली, मग तो पाळक असो, मौलाना असो, कीर्तनकार असो की देव न मानणारा कार्यकर्ता, या तिघांपैकी एकाने पहिल्या रिमांडला हजर राहायचं. कच्चे अर्ज मी तयार करून देतो, मराठीत. शनिवारी दुपारी कुठल्याही तालुक्याला येऊन बसायला तयार आहे. एसटीचं अर्धं तिकीट लागतं मला, मानधन नको.

त्या चौघांच्या खटल्यात अजून दोषारोप निश्चित व्हायचे आहेत. पुढच्या तारखेला मी जातो आहे. वकीलपत्रावर माझी सही आहे आणि तिच्या खाली मी एक जागा मोकळी ठेवली आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'सर, तारीख किती आहे म्हणालात?' मी सांगितली. त्याने लिहून घेतल्याचा आवाज आला.

सकाळी साडेदहाला मी कोर्टाच्या व्हरांड्यात असेन.

आपला,
घटना शिकवणारा एक निवृत्त प्राध्यापक, जालना